खांदेरी : मुंबईच्या उंबऱ्यावरचे बेट

मुंबईच्या इतिहासाची बहुतेक पुस्तके सात बेटांपासून सुरू होतात. त्या सातांत न बसणाऱ्या एका बेटाने मात्र १६७९ साली इंग्रजांच्या मुंबईची झोप उडवली होती. ते बेट खांदेरी. कुलाब्यापासून दक्षिणेला साधारण वीस किलोमीटर, थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच. दोन टेकड्या, मधे सखल जागा, भोवती खडक. एवढ्याशा जागेसाठी कंपनीने गलबते का झुंजवली आणि तरीही ती जागा तिला का मिळाली नाही, हे मला पाहायचे होते.

कारण मुंबईतच आहे. १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीकडे आलेल्या मुंबईला धान्य आणि जळाऊ लाकूड पेण-नागोठण्याच्या बाजूने येई. दक्षिणेकडून बंदरात शिरणारे जहाज खांदेरीवरून दिसे. शिवाय जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात माझगावला मुक्काम ठोकी आणि तिथून महाराजांच्या मुलखाला उपद्रव देई. खांदेरीवर ठाणे बसले की सिद्दी आणि इंग्रज दोघांवरही नजर राहणार होती. १६७२ साली हा प्रयत्न झाला होता. तेव्हा तो तडीस गेला नाही.

ऑगस्ट १६७९मध्ये मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे घेऊन बेटावर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले. बेट मुंबईचे आहे, निघून जा, असे इंग्रजांनी बजावले. धन्याच्या हुकमाशिवाय हलणार नाही, असे उत्तर गेले. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्पने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. त्यात तो मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या गुराबा-गलबतांनी इंग्रज ताफ्यावर चाल केली. 'डव्ह' हे गलबत मराठ्यांनी पकडले, इतर छोटी जहाजे पांगली. मिंचिन आणि केग्विन यांचे 'रिव्हेंज' मात्र जवळजवळ एकटे झुंजले आणि त्याच्या तोफांपुढे मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीकडे मागे फिरावे लागले.

त्या दिवसापुरते पाहिले तर इंग्रज हरले नव्हते. अनेक लेख इथेच थांबतात, कुणी हा मराठ्यांचा विजय म्हणतो, कुणी इंग्रजांचा. मला वाटते, निकाल त्या लढाईने लावलाच नाही. तो लावला रात्रीच्या होड्यांनी. इंग्रजांची जहाजे खोल बुडाची आणि वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की ती जागच्या जागी. मराठ्यांच्या होड्या हलक्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांनी हाकता येणाऱ्या. अंधारात किनाऱ्यावरून निघायचे, धान्य आणि बांधकामाचे सामान बेटावर टाकायचे आणि उजाडायच्या आत परतायचे. लढाई एका दिवसाची असते, पुरवठा रोजचा. तट रोज थोडा वर चढत गेला.

जानेवारी १६८०पर्यंत इंग्रजांनी माघार घेतली. त्याच महिन्यात सिद्दी कासमने शेजारच्या उंदेरीवर ठाणे बसवले, म्हणजे खांदेरीवर नजर ठेवायला आणखी एक बेट जागे झाले. पुढे आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, मुंबईचा गव्हर्नर बून याने खांदेरीवर स्वारी केली, तीही फसली. बेट इंग्रजांच्या हाती आले ते पेशवाई बुडाल्यावर. १८६७ साली त्यांनी तिथे दीपगृह बांधले. ज्या बेटाने त्यांच्या जहाजांना अडवले, तेच आता त्यांच्या जहाजांना वाट दाखवू लागले.

या हकिकतीतले इंग्रज अधिकारी नावानिशी सापडतात, कारण कंपनीचा पत्रव्यवहार जपला गेला. मायनाक आणि दौलतखान यांची नावे राहिली. रात्री वल्ही मारणाऱ्यांचे मात्र एकही नाव माझ्या वाचनात आलेले नाही. मायनाक जातीचा भंडारी. याच दशकात मुंबईत औंजियरने कंपनीसाठी उभारलेली शिबंदीही भंडाऱ्यांचीच. गिरगाव-माहीमच्या माडांच्या वाड्यांत राहणाऱ्या आणि थळ-अलिबागच्या समाजांत सोयरीक, भाषा, समुद्र सामाईक होता. 'आपले' आणि 'त्यांचे' ही वाटणी आपण आज करतो तितकी तेव्हा सरळ नसावी.

२०१९ साली नौदलात दाखल झालेल्या एका पाणबुडीचे नाव 'खांदेरी' आहे. ती बांधली गेली माझगावच्या गोदीत, म्हणजे सिद्दीचे आरमार जिथे पावसाळा काढी त्याच माझगावात. २०२५ साली खांदेरीचा किल्ला जागतिक वारसा यादीतही गेला. किल्ल्याचा मान झाला, पाणबुडीला नाव मिळाले. आता त्या रात्रीच्या वल्हेकऱ्यांचीही आठवण कुणी ठेवावी.