चिरूट, विडी आणि आस्वादाची भाषा

परदेशी राहणाऱ्या एका स्नेह्यांनी गेल्या सुट्टीत सिगारची एक छोटी पेटी आणली. सर्वांत महाग नव्हे. 'उत्तम, पण परवडणारी' या वर्गातली. सोबत एक पत्रक होते. त्यात त्या सिगारच्या चवीचे वर्णन तीन टप्प्यांत केले होते : आरंभी देवदाराचे लाकूड, मध्यावर कोको आणि कमावलेले चामडे, शेवटी मिरी. मी धूम्रपान करीत नाही, त्यामुळे पत्रक मी वाचले आणि पेटी तशीच पडून राहिली. पुढे शहापूरजवळच्या एका पाड्यावर विद्यार्थ्याच्या घरी जाणे झाले, तेव्हा त्याच्या आजोबांसाठी त्यातली एक सिगार नेली. आयुष्यभर विडी ओढलेले हे गृहस्थ. त्यांनी ती न पेटवता आधी नाकाशी धरली, दोन बोटांत हलकेच दाबून पाहिली, वरच्या पानाच्या शिरा न्याहाळल्या, मग पेटवून बराच वेळ राखेकडे पाहत राहिले. पान चांगले आहे, आतला माल थोडा दमट आहे, आणि एका अंगाने घट्ट वळल्यामुळे ही वाकडी जळते, असा त्यांचा निर्णय झाला.

घरी येऊन पत्रक पुन्हा काढले. परीक्षणाचा क्रम तोच होता : कोरा वास, वळण, वरचे पान, ओढ, जळण, राख. फरक एवढाच, की पत्रकातल्या कृतीला आस्वाद म्हणतात आणि आजोबांच्या कृतीला सवय. मराठी समीक्षेत 'आस्वाद' हा शब्द आपण किती सहजपणे वापरतो! तो कोणाच्या जिभेला लागू होतो, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात आहे.

तंबाखू आपल्याकडची नव्हे. मुरबाड तालुक्यातून वर चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. पण त्या काळी घाट ओलांडणाऱ्या मालात तंबाखू असणे अशक्य होते. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराने विजापूरला पाठवलेल्या असद बेगने १६०४च्या सुमारास तिथे ती प्रथम पाहिली आणि आग्र्यास नेली. बादशहाने झुरका घेतला. दरबारच्या हकिमाने विरोध केला. जहांगीराने १६१७ मध्ये बंदीही घातली. तिचा उपयोग किती झाला ते सांगायला नकोच. म्हणजे उत्तरेला तंबाखूची ओळख दख्खनने करून दिली.

शब्दांचा प्रवास याहून रंजक आहे. 'चिरूट' हा इंग्रजी वाटणारा शब्द मुळात दक्षिणेतला. तमिळमधील 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळलेले. 'विडी' संस्कृत 'वीटिका'पासून आली, म्हणजे विड्याची ती धाकटी बहीण. दोन्ही शब्दांच्या मुळाशी वळण्याची, गुंडाळण्याची क्रिया आहे. एकोणिसाव्या शतकात त्रिचनापल्लीचा चिरूट हा हिंदुस्थानातल्या गोऱ्या अंमलदाराचा परवडणारा शौक होता. शेरलॉक होम्सच्या १८८७ मधील पहिल्याच कादंबरीत राखेवरून हा चिरूट ओळखला जातो. १८५५ मध्ये कल्याणहून वाशिंदपर्यंत आगगाडी आली, १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले; ही कामे करवून घेणाऱ्या साहेबांच्या ओठी चिरूट आणि खडी फोडणाऱ्यांच्या ओठी विडी किंवा चिलीम, असे चित्र डोळ्यांपुढे येते. ते माझ्या कल्पनेतले आहे हे खरे, पण फारसे चुकीचे नसावे.

सिगारेटमध्ये तंबाखू कागदात असते. सिगार आणि विडी या दोहोंत पानच पानाला कवेत घेते. सिगारचे जाणकार सांगतात, की चवीचा मोठा वाटा वरच्या पानाचा असतो. हा न्याय विडीला लावला तर काय दिसते? आत निपाणीची किंवा गुजरातेतल्या चरोतरची तंबाखू. वर मात्र जंगलातले पान, टेंभुर्णीचे किंवा आपट्याचे. दसऱ्याला सोने म्हणून आपण जे पान एकमेकांच्या हाती देतो, तेच. शहापूर-मुरबाडच्या रानांत आपटा मुबलक. म्हणजे धुरातली निम्मी चव या डोंगरांची. क्यूबातल्या एखाद्या खोऱ्याचे नाव पेटीवर सोन्याच्या अक्षरांत छापतात. आपट्याचे रान मात्र कोणत्याही बंडलावर कधी छापले गेलेले नाही.

हे विडीचे गौरवगान नव्हे. विडी सतत ओढली नाही तर विझते, म्हणून झुरके अधिक आणि छातीत जाणारे विषही अधिक. सिगारही निरुपद्रवी नाहीच. प्रश्न आहे तो शब्दांच्या वाटपाचा.

वळणाऱ्या हातांच्या बाबतीतही हेच. क्यूबाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक असे. त्याचे वेतन कामगारच वर्गणीतून देत. द्यूमाच्या कादंबरीवरून १९३५ मध्ये एका सिगारला 'मॉन्टेक्रिस्टो' हे नाव मिळाले, ते याच परंपरेतून आले असे सांगतात. केरळात कण्णूरला १९६९ मध्ये स्थापन झालेल्या दिनेश विडी सहकारी संस्थेतही कामाच्या वेळी वर्तमानपत्र वाचले जाई. आपल्याकडे सिन्नरला, सोलापूरला विड्या वळल्या गेल्या. पण सोलापूरची बाई घरी बसून वळते, तिच्या कानी कादंबरी कुठून पडणार? तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांचा १९४५चा लढा उभारणाऱ्या गोदावरी परुळेकरांचे नाव सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांच्या वसाहतीला दिलेले आहे. २००६ मध्ये तिथे दहा हजार घरांचा ताबा मिळाला. पान तोडणारा आदिवासी आणि पान वळणारी बाई यांना जोडणारे दुसरे नाव मला तरी ठाऊक नाही.

भेद न करण्याची किमया कायद्याने मात्र केली. १९६६च्या केंद्रीय अधिनियमाचे नावच 'विडी आणि सिगार कामगार (रोजगाराच्या अटी) अधिनियम' असे होते. तिथे दोघी एका ओळीत, आणि विडी आधी. पुढे २०२०च्या संहितेत तो कायदा सामावला आणि ते शीर्षकही गेले. महाराष्ट्राच्या १९६९च्या वनोपज व्यापारविषयक कायद्यात आपट्याचे पान टेंभुर्णीच्या पानाशेजारी नोंदलेले आहे, तेही व्यापाराचे नियमन करण्यासाठी.

आजोबांनी उरलेली अर्धी सिगार विझवून कोनाड्यात ठेवली. नातवाला त्यांनी एकच विचारले : ही वळली कोणी? सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवर कंपनीचे नाव होते. ते त्याने वाचून दाखवले. तसे नव्हे, म्हणाले, वळणारीचे नाव.