कच्चे मडके आणि ख्रिस्ताचे अभंग

कयाधूकाठच्या नरसीस परंपरा नामदेवांचे जन्मस्थान मानते, साल इ. स. १२७०. आज गाव हिंगोली जिल्ह्यात आहे. तेथे गेले की मला नामदेवांच्या थोरवीआधी त्यांची फजिती आठवते. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा वाचकांना ठाऊकच आहे. विठोबाशी रोज बोलणारा भक्त, आणि तोच कच्चा! पुढे औंढा नागनाथी विसोबा खेचरांची भेट झाली, असे आख्यायिका सांगते. देव मुखी असूनही प्रार्थना कोरडी पडते, ही गोष्ट आपल्या संतांनी लपविली नाही. उलट रुसवा, तक्रार, देवाशी भांडण यांचेच त्यांनी अभंग केले.

सहाशे वर्षांनी हा वारसा एका ख्रिस्ती कवीच्या कामी आला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. देवळात तेव्हा बरीच गीते परदेशी चालींवर बेतलेली असत. शब्द मराठी, पण सूर परका. जात्यावरची ओवी गात वाढलेल्या बाईचे मन त्यात कसे रमावे? माझ्या मते प्रार्थनेतली ही अडचण श्रद्धेची नव्हती, जिभेची होती. टिळक तर तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांनी अभंग आणि भजन उपासनेत आणले, ख्रिस्ताला माउली म्हटले. त्यांची अनेक गीते मराठी मंडळ्या आजही गातात. ख्रिस्ती प्रार्थनेला रडायची, हट्ट धरायची मराठी मुभा मिळाली ती अशी.

घरातली अडचण मात्र अभंगाने सुटण्यासारखी नव्हती. नवरा ख्रिस्ताला आळवतो, बायको सोवळे सांभाळते! लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, परतल्या तरी लगेच धर्म बदलला नाही. स्वतःच्या विचाराने १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सारे त्या हसत हसत सांगतात, आणि वाचणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी येते.

१९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले अध्याय लिहायला घेतले.