शाळेतील पाणी : ठराव आणि व्यवहार
शालेय पाण्याचा प्रश्न केवळ नळ व टाकी यांचा नाही; त्या नळाला कोण हात लावू शकतो, हाही आहे. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे व शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. बेळगाव, विजापूर तेव्हा याच इलाख्यात होते. तरीही १९२७ मध्ये महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत सर्व मुलांसाठी सुरक्षित पाणी व मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली. मात्र ठरावाने पाणी ओठांपर्यंत पोहोचत नाही, हा महाडचा धडा आहे. शाळेच्या तपासणीत नळ मोजताना त्यातून प्रत्येक मूल पाणी पिते का, हेही पाहणे शिक्षकाचेच काम ठरते.