‘नास्तिक’ हा शब्द आणि अनुभवाची साक्ष

वालधुनी नदीच्या काठी उभे असलेले अंबरनाथचे शिवमंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांनी बांधले. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास, मुम्मुणिराजाच्या कारकिर्दीत ते पूर्णत्वास गेले, हे तेथील शिलालेखावरून सिद्ध आहे. महाशिवरात्रीला येथे लोटणाऱ्या जनसागरात आपल्या समाजातील अनेक कुटुंबेही शेजारधर्माने सहभागी होतात. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गर्भगृहात जावे लागते आणि माथ्यावर शिखर नसल्याने वर आकाश दिसते. असे हे स्थान पाहून कोणाही भाविकाचे चित्त क्षणभर स्तब्ध व्हावे यात नवल नाही. परंतु ज्या काळी हे मंदिर उभे राहिले, त्या काळच्या वैदिक पंडितास ‘जैन कोण?’ असे विचारले असते, तर त्याने निःसंकोचपणे ‘नास्तिक’ असे उत्तर दिले असते. हा शब्द आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके ऐकला. म्हणूनच आस्तिक मनुष्य नास्तिकाला कोणत्या दृष्टीने पाहतो आणि त्याला स्वतःला आलेल्या अनुभवाने ती दृष्टी कशी घडते वा बिघडते, हा प्रश्न जैन वाचकास परका वाटू नये.

प्रथम शब्दाचाच विचार करू. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणारा तो नास्तिक, अशी व्याख्या केली. पाणिनीच्या व्याकरणात मात्र वेदाचा संबंध नाही. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. आणि येथे परलोक अभिप्रेत आहे, असे टीकाकारांनी स्पष्ट केले. पहिल्या मापाने मोजले तर जैन नास्तिक ठरतात. दुसऱ्या मापाने आत्मा, पुनर्जन्म, कर्मफल आणि मोक्ष मानणारे जैन पूर्ण आस्तिक ठरतात. ज्याच्या हाती गज, त्याचे माप, हा बाजारातला अनुभव शास्त्रार्थातही येतो. आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ या ग्रंथात बौद्ध, नैयायिक, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय या सर्वांची गणना आस्तिकांत केली आणि लोकायत म्हणजे चार्वाकमत शेवटी वेगळे मांडले. आपल्यावर मारलेला शिक्का त्यांनी पुसला खरा; पण शिक्का फेकून न देता तो पुढच्या घरी पोहोचवला, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. चार्वाकाचे मत मांडताना मात्र त्यांनी शिवीगाळ केली नाही, हे त्यांचे मोठेपण.

आता अनुभवाकडे वळू. सिद्धराज आणि कुमारपाल या गुर्जरनरेशांच्या काळातील कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांची एक कथा मेरुतुंगाचार्यांच्या ‘प्रबंधचिंतामणी’त येते. हा ग्रंथ विक्रम संवत १३६१ मध्ये वढवाण येथे पूर्ण झाला. कुमारपालाने सोमनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केल्यावर दरबारातील काहींनी असा डाव टाकला की, जैन आचार्य शिवासमोर मस्तक नमवणार नाहीत आणि राजाची त्यांच्यावरची मर्जी उतरेल. हेमचंद्राचार्य मात्र सोमनाथास गेले आणि त्यांनी स्तुती केली. तिचा आशय असा की, संसाराचे बीज असलेले राग-द्वेष ज्याचे नष्ट झाले, त्याला नमस्कार. मग त्याचे नाव ब्रह्मा असो, विष्णू असो, हर असो वा जिन असो. पुढे राजाने खरा देव कोणता, असे विचारले. तेव्हा आचार्य त्याला घेऊन गर्भगृहात बसले, ध्यानस्थ झाले आणि लिंगावर प्रकाश पडून तपस्व्याच्या रूपात साक्षात शिव प्रकटला. त्याने राजाला याच महर्षीचे ऐकण्यास सांगितले. राजाने मद्यमांसत्यागाचे व्रत घेतले.

ही कथा घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी एका जैन मुनीने लिहिली आहे. गर्भगृहात प्रत्यक्ष काय घडले, याची साक्ष इतिहासाच्या न्यायालयात काढता येणार नाही. पण जैन परंपरेने आपल्या सर्वश्रेष्ठ आचार्याची आठवण कशी जपली, हे तीतून निश्चित कळते. नास्तिक म्हणून ज्याला खाली पाहायला लावायचे होते, तो दुसऱ्याच्या देवासमोर ताठ मानेने आणि तरीही नम्रपणे उभा राहिला. आणि ज्याला दर्शन झाले त्या राजाच्या मनात कोणाविषयी द्वेष उपजला नाही. येथे एक स्थानिक दुवा सांगण्याचा मोह आवरत नाही. याच कुमारपालाच्या सेनेने उदयन मंत्र्याचा पुत्र आंबड याच्या नेतृत्वाखाली कोकणाधिपती मल्लिकार्जुनाचा पराभव केला, असे हाच ग्रंथ सांगतो. तो मल्लिकार्जुन अंबरनाथचे मंदिर बांधणाऱ्या शिलाहारांच्याच वंशातला. आंबड जैन श्रावक होता. रणांगणावर वैर झाले; पण गुरूने देवळात वैर नेले नाही.

शिलाहारांच्याच दुसऱ्या शाखेचे, म्हणजे कोल्हापूरच्या शाखेचे, एक उदाहरण याहून हृद्य आहे. राजा गंडरादित्याने बाराव्या शतकाच्या आरंभी मिरज प्रांतात इरुकुडी येथे ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी ईश्वर, बुद्ध आणि अर्हत अशा तीन मूर्ती स्थापन केल्या, असे त्याचा ताम्रपट सांगतो. वैदिक व्याख्येने यांतील दोन देव ‘नास्तिकां’चे. पाणी मात्र तिघांनाही एकाच तलावाचे.

परंतु आध्यात्मिक अनुभव आला की मनुष्य आपोआप उदार होतो, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच बाराव्या शतकात कल्याणच्या कलचुरी बिज्जळाच्या राज्यात एकांतद रामय्या नावाचा शिवभक्त होऊन गेला. (हे कल्याण आपल्या शेजारचे नव्हे, ते बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण.) हावेरी जिल्ह्यातील अबलूर येथील शिलालेखात त्याची हकीकत कोरलेली आहे. त्याने जैनांशी पैज लावली, स्वतःचे मस्तक कापून शिवाला अर्पण केले आणि सात दिवसांनी ते त्याला परत मिळाले. पैजेप्रमाणे जैनांनी जिनमूर्ती हटवली नाही, म्हणून त्याने ती फोडली आणि बिज्जळाने त्याला जयपत्र दिले, असे तो लेख म्हणतो. मस्तकाची गोष्ट कोणी मानो वा न मानो, रामय्याचा शिवाविषयीचा अनुभव त्याच्यापुरता खराच असावा. खोट्या श्रद्धेसाठी कोणी मान कापण्याची भाषा करत नाही. त्याहीपूर्वी, सातव्या शतकात, तामिळ देशातील अप्पर हे प्रथम जैन मुनी होते. पोटशूळाची असह्य व्याधी शिवकृपेने बरी झाली, अशी त्यांची श्रद्धा बसली आणि पुढे त्यांच्या पदांतून जैनांविषयी कठोर उद्गार निघाले. अनुभव तोच, उत्कटताही तीच. फरक एवढाच की, एकाने अनुभवाकडे स्वतःच्या अंतःकरणाची शुद्धी म्हणून पाहिले, तर दुसऱ्याने दुसऱ्याविरुद्ध मिळालेला निवाडा म्हणून.

आपला समाज या दोषापासून मुक्त आहे काय? ‘मिथ्यात्वी’ हा शब्द आपल्याकडे किती सहज वापरला जातो, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा. तत्त्वार्थसूत्रात सम्यग्दर्शन दोन प्रकारे होते असे सांगितले आहे: एक स्वभावतः, आतूनच उमलून आलेले; दुसरे उपदेशाने. बहुतेकांची श्रद्धा दुसऱ्या प्रकारची, वाडवडिलांच्या पेढीसारखी वारशाने आलेली असते. त्यात वाईट काही नाही. मात्र आजच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने घरी येऊन ‘आत्मा आहे हे कशावरून?’ असे विचारले की सर्वांत मोठा आवाज बहुधा अशा वारशाच्या श्रद्धेचाच निघतो.

या प्रश्नाला न रागावता उत्तर देणारा पुरुष याच मुंबई इलाख्यात व्यापार करत होता. श्रीमद् राजचंद्र यांचा जन्म १८६७ साली मोरबीजवळ ववाणिया येथे झाला. पितृकुल वैष्णव, माता जैन. सातव्या वर्षी परिचयातील एका गृहस्थाचा सर्पदंशाने मृत्यू झाला. त्याची चिता पाहताना बालकाला जातिस्मरण, म्हणजे पूर्वजन्मांची स्मृती झाली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १८८७ मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधानाचे प्रयोग करून सर्वांना थक्क केले आणि पुढे लवकरच आत्मसाधनेत अडथळा म्हणून ते सोडून दिले. मुंबईत हिरे-मोत्यांचा लाखोंचा व्यवहार करताना त्यांच्या गादीवर धर्मग्रंथ आणि रोजनिशी असे. सौदा संपला की ती उघडली जाई. १८९६ मध्ये नडियाद येथे त्यांनी एका बैठकीत १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ गुजरातीत रचले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. शिष्य उभा राहतो आणि आत्मा नाही, असलाच तर नित्य नाही, तो कर्ता नाही, भोक्ता नाही, मोक्ष नाही, मोक्षाचा उपाय नाही, अशा सहाही शंका निर्भयपणे मांडतो. चार्वाकाचे म्हणणे शिष्याच्या तोंडी पूर्ण बळाने येते. गुरू त्याला हाकलून देत नाही. आत्म्याविषयी शंका घेणारा जो कोणी आहे तोच आत्मा, अशा आशयाचे उत्तर देऊन तो शिष्याच्या शंकेलाच आत्म्याचा पुरावा करतो. ज्याला आत्म्याची प्रतीती स्वतःच्या आत आली आहे, त्यालाच नकाराचे असे स्वागत करणे जमते.

या पुरुषाचा एका नास्तिकद्वेष्ट्या तरुणाशी झालेला परिचय इतिहासाला वळण देणारा ठरला. तो तरुण म्हणजे बॅरिस्टर मोहनदास गांधी. इंग्लंडमधील सुप्रसिद्ध नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ ३० जानेवारी १८९१ रोजी वारले. गांधीजी त्यांच्या अंत्यविधीस हजर होते. परतताना स्टेशनवर एक नास्तिक एका पाद्र्याशी हुज्जत घालताना त्यांनी पाहिला आणि नास्तिकतेविषयीची आपली अप्रीती वाढली, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये ते मुंबईस उतरले आणि डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी त्यांची रायचंदभाईंशी भेट झाली. दक्षिण आफ्रिकेत धर्मसंभ्रमात सापडले असता १८९४ मध्ये त्यांनी रायचंदभाईंना सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले. उत्तरात जगत्कर्त्या ईश्वराची कल्पना मान्य न करता शुद्ध आत्मस्वरूप हेच ईश्वरत्व, असे प्रतिपादन होते. ज्याला वैदिक मापाने नास्तिक म्हटले जाईल त्याच विचाराने गांधीजींची आस्तिकता सावरली, ही गोष्ट आपल्या समाजाने अभिमानाने सांगावी अशी आहे. तरीही गांधीजींनी त्यांना गुरुपदी बसवले नाही, हेही ओघाने सांगितले पाहिजे.

१९३१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधील लोझान येथे गांधीजींनी ‘ईश्वर सत्य आहे’ या वचनाऐवजी ‘सत्य हाच ईश्वर’ असे म्हणण्याकडे आपण का वळलो ते सांगितले. ईश्वर नाकारणारेही सत्य नाकारत नाहीत, हे त्याचे एक कारण होते. त्याच भाषणात ब्रॅडलॉंचा उल्लेख करून आपण त्यांना नास्तिक मानत नाही, असे त्यांनी म्हटले. येथे उदारता आहे यात शंका नाही. पण सूक्ष्मपणे पाहिले तर एक उणीवही आहे. जो मनुष्य आयुष्यभर ‘मी नास्तिक आहे’ असे सांगत राहिला, त्याच्या मरणानंतर ‘तू खरा नास्तिक नव्हतासच’ असे म्हणणे म्हणजे त्याचा शब्द खोडणे होय. स्वतःचा अनुभव इतका भरून आलेला असतो की, समोरच्या सज्जनातही तोच दिसतो आणि त्याचा नकार कानाआड होतो. ‘तुम्ही वेगळे कसे, तुम्ही आमच्यातलेच’ हे प्रेमाचे वाक्य जैनांनीही पुष्कळदा ऐकले आहे आणि त्यातली किंचित बोच त्यांना ठाऊक आहे.

पुढचे पाऊल महाराष्ट्राच्या भूमीवर, सेवाग्रामात पडले. आंध्रमधील गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, हे स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवणारे कार्यकर्ते. त्यांनी १९४० मध्ये कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर येथे नास्तिक केंद्र स्थापले होते. अस्पृश्यता मुळातून जायची तर ईश्वर आणि दैव यांवरचा विश्वास आधी गेला पाहिजे, असे त्यांचे मत. १९४४ च्या अखेरीस ते सेवाग्रामला आले. त्यानंतर गांधीजींशी झालेल्या चर्चांचा वृत्तांत त्यांनी १९५१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. या वेळी गांधीजींनी त्यांना ‘तुम्ही नास्तिक नाहीच’ असे समजावण्याचा प्रयत्न केला नाही. माझी आस्तिकता बरोबर किंवा तुमची नास्तिकता चूक, असे आपण म्हणू शकत नाही. दोघेही सत्याचे शोधक आहोत, अशी भूमिका त्यांनी घेतली. आपला अनुभव त्यांनी सोडला नाही. प्रार्थना रोज होतच होती. पण तो अनुभव दुसऱ्याला मोजण्याचा गज राहिला नाही.

गोरांनी आपल्या कन्येचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी ठरवला होता. तो आपल्या आश्रमात व्हावा आणि विधीत ‘ईश्वरा’च्या जागी ‘सत्य’ हा शब्द योजावा, यास गांधीजींनी मान्यता दिली होती. ३० जानेवारी १९४८ रोजी, ब्रॅडलॉंच्या मृत्यूच्याच तारखेस, गांधीजींची हत्या झाली. विवाह त्यानंतर मार्च महिन्यात सेवाग्रामलाच झाला आणि ठरल्याप्रमाणे सत्याला साक्षी ठेवून झाला.