एट्रियल फिब्रिलेशन : हृदयाचा ताल का बिघडतो?

हृदयाच्या पेशी एकमेकींशी ‘गॅप जंक्शन’ या सूक्ष्म नळ्यांनी जोडलेल्या असतात. कनेक्झिन या प्रथिनाच्या ६ रेणूंची अर्धी नळी बनते. शेजारच्या पेशीची अर्धी नळी जुळली की वीज पुढे जाण्याची वाट तयार होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, हे काम मुख्यतः कनेक्झिन ४० आणि ४३ करतात.

ही प्रथिने कमी झाली किंवा जागेवरून हलली, तर विद्युत संदेश रेंगाळतो आणि गोल फिरत राहू शकतो. मग अलिंदे नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात. हेच एट्रियल फिब्रिलेशन. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, आजाराचे कारण न सापडलेल्या १५ पैकी ४ रुग्णांत कनेक्झिन ४० च्या जनुकात बदल आढळले. बहुतेक रुग्णांत मात्र वाढते वय, उच्च रक्तदाब किंवा झडपांचा आजार कारणीभूत असतो.

अलिंदात साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मालवणहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत पोहोचण्यातच त्यातला मोठा वेळ जातो. म्हणून नाडी बेताल लागत असेल, तर आधीच ईसीजी काढून घ्यावा. रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यायची का, हे डॉक्टर ठरवतात.