माळवदाचे घर

मराठवाड्यात पूर्वी घराचे मोजमाप फुटांनी होत नसे, खणांनी होत असे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. घर पाच खणी की सात खणी एवढे कळले की मालकाची ऐपत कळे. लातूरच्या उत्तरेस रेणा नदीकाठी वसलेले रेणापूर याच मुलखातले. येथील जुन्या घराची रचना ठरलेली: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, लाकडी खांब, तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. हेच माळवद. वैशाखात बाहेर ऊन रणरणत असता आत गारवा राही, आणि रात्री त्याच माळवदावर अंथरुणे पडत.

या घराचा दोष मात्र त्याच्या डागडुजीतूनच वाढत गेला. गळती थांबविण्यासाठी पावसाळ्यापूर्वी वर नवी माती पसरावयाची, हा रिवाज. जुनी माती उतरविण्याचे श्रम कोण घेतो? बापाच्या थरावर मुलाने थर घातला, त्यावर नातवाने; ओझे वाढतच राहिले. भिंतीतही एक गोम होती. बाहेरून अभंग भासणारी ती भिंत वस्तुतः दोन पातळ भिंतींची असे, मध्ये नुसता दगडगोट्यांचा भराव. दोहोंना जोडणारा आरपार दगड बहुधा नसेच.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. औसा व उमरगा तालुक्यांतील गावे झोपेतच गाडली गेली. सरकारी गणतीप्रमाणे ७,९२८ माणसे दगावली. भिंतींची बाहेरची बाजू सुटून पडली व मातीचे छत खाली आले. परंतु जेथे छताचा भार भिंतीऐवजी खांबांनी पेलला होता, तेथे भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे तज्ज्ञांनी नोंदविली. शोकाच्या कल्लोळात ही साक्ष कोणी ऐकली नाही. दगडाचे घर म्हणजे मरण, एवढेच मनांत ठसले, आणि त्याबद्दल त्या दुःखितांना दोष तरी कसा द्यावा?

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. सरळ रस्ते, चौकोनी आखणी, जमिनीच्या मानाने २५०, ४५० वा ७५० चौरस फुटांची घरे. त्यांत गोठ्याला, अंगणाला व एकत्र कुटुंबाला जागा अपुरी पडली. इतर गावांसाठी जुनी घरे मजबूत करण्याची योजना होती. पण तिच्या अनुदानातूनही अनेकांनी विटा-सिमेंटची एक नवी खोलीच बांधणे पसंत केले. भीती ओसरली, तरी माळवदावरचा विश्वास परतला नाही.

वास्तविक उपाय फारसा अवघड नाही. साचलेली माती उतरवून पातळ थर ठेवावयाचा. भिंतीत ठिकठिकाणी आरपार दगड वा काँक्रीटचे बंध बसवावयाचे. दारांच्या वरच्या पातळीवर घराभोवती सलग पट्टा फिरवावयाचा, आणि खांब व तुळई यांच्या सांध्यांत तिरके आधार ठोकावयाचे. वाळवीने खाल्लेले खांबाचे बूड आधी तपासावे लागते; बाहेरून धडधाकट दिसणारा खांब आत पोकळ निघतो. काम उन्हाळ्यातच उरकले पाहिजे. माती उतरविलेले माळवद मृगाच्या पहिल्या सरीत सापडले, तर तुळया भिजतात आणि सुताराला पुन्हा बोलवावे लागते.