नाकारलेल्या हस्तलिखिताची नोंद

जोतीराव फुले यांचे पहिले पुस्तक कोणते, असे विचारले तर कुणी 1869 सालचा शिवाजीराजांवरचा पवाडा सांगतो, कुणी 1873 सालची ‘गुलामगिरी’. पण त्यांनी पहिले पुस्तक लिहिले ते 1855 साली, वयाच्या 28व्या वर्षी. ते म्हणजे ‘तृतीय रत्न’ हे नाटक. ते छापून निघाले 1979 साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. मध्ये 124 वर्षे गेली. हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे.

त्या काळी आजच्या अर्थाने प्रकाशक हा व्यवसाय मराठीत रुजलेला नव्हता. छापखाने होते. छपाईचा खर्च सरकारने करावा, मिशनऱ्यांनी करावा, आगाऊ वर्गणीदार मिळवावेत किंवा लेखकाने पदरमोड करावी, असे मार्ग होते. पुण्यात आणखी एक दार होते, दक्षिणा प्राइझ कमिटीचे. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. कंपनी सरकारने ती प्रथा चालू ठेवली. पुढे सुधारकांनी मागणी केली आणि त्या रकमेतला काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी राखला गेला. नव्या लेखकाला आधार देणारी अशी दुसरी व्यवस्था क्वचितच असेल.

जोतीरावांनी आपले नाटक याच कमिटीकडे दिले. ते काही अनोळखी नव्हते. मुलींच्या शाळांच्या कार्याबद्दल 1852 साली सरकारने विश्रामबागवाड्यात त्यांचा जाहीर सत्कार केला होता. तरीही नाटक नाकारले गेले.

कारण नाटकाच्या विषयातच होते. एका गरोदर कुणबी बाईला जोशी ग्रहांची भीती घालतो आणि नवरा-बायकोला खर्चात पाडतो. पाद्री त्यांना विचार करायला लावतो, विदूषक मधूनमधून टोले हाणतो आणि शेवटी ते जोडपे जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत शिकायला निघते. शूद्रांच्या अज्ञानावर ज्यांचे पोट चालते त्यांच्यावरचे हे नाटक, आणि त्याचा निकाल देणाऱ्या कमिटीत त्याच वर्गातले सभासद! जोतीरावांनी पुढे लिहिले आहे की भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही.

हे आपल्याला कळते ते ‘गुलामगिरी’मुळे. त्या पुस्तकात जोतीराव ही हकिगत सांगतात: नाटक कधी लिहिले, कुणाला दिले, का नाकारले गेले. काही वर्षे ते बाजूला पडून राहिले. मग भटांच्या कसबाविषयी दुसरे लहान पुस्तक स्वतःच्या पैशाने छापून प्रसिद्ध केले, हेही ते नोंदवतात. बांधकामाच्या कंत्राटांतून आणि व्यापारातून जोतीरावांकडे पैसा येत होता. त्यामुळे त्यांना कमिटीची वाट पाहावी लागली नाही. ज्याच्याकडे असा पैसा नव्हता, त्याचे हस्तलिखित घरच्या फडताळातच संपले असणार.

एवढ्यावरून ‘विरोधकांनी अडवले’ असा सोपा निष्कर्ष काढावा, तर पुढची घटना आड येते. 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ने छापली आणि पुढची छापायला नकार दिला. ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचेच पत्र. म्हणजे दार अडवणारा नेहमी पलीकडच्या गोटातलाच असतो असे नाही. ही गोष्टही जोतीरावांनी लपवली नाही, लिहून ठेवली.

वाङ्मयाचा इतिहास छापील पुस्तकांवरून लिहिला जातो. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे 1861 सालचे नाटक आपण मराठीतले पहिले स्वतंत्र छापील नाटक मानत आलो. त्याआधी सहा वर्षे लिहिलेले, कुणब्याच्या घरात घडणारे सामाजिक नाटक त्या हिशेबात धरलेच गेले नाही. नकाराची किंमत एकट्या लेखकाने मोजली नाही. मराठी नाटकाच्या कित्येक पिढ्यांनी मोजली.

माझे पहिले हस्तलिखित एका प्रकाशकाने दोन वर्षे ठेवून घेतले आणि एका ओळीच्या पत्रासह परत पाठवले. ते पत्र मी रागाने फाडून टाकले. आज त्याची हळहळ वाटते. माझे हस्तलिखित थोर होते असे मुळीच नाही. पण कुणाचे काय, कुणी, कोणत्या कारणाने नाकारले, हाही इतिहासाचा कागद असतो. जोतीरावांनी नाटकाची प्रत जपली गेली आणि नकारही छापला, म्हणून 1979 साली ते नाटक त्याच्या हकिगतीसह वाचकांसमोर येऊ शकले. पहिले पुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्या लेखकाला मी म्हणेन, एक प्रत घरी ठेवा, आणि नकाराचे पत्र फाडू नका.